धारणी-चिखलदऱ्यातील बालमृत्यू: कुपोषणाने की आजाराने?

सिपनाकाठ

नमस्कार. मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या पावसाळ्यात क्षेत्रकार्यासाठी अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, धारणी तालुक्यात जाणार आहे. तयारी म्हणून जुनी कात्रणे आणि शासकीय अहवाल वाचत असताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंची बातमी राज्यभर गाजली, तेव्हापासून वर्तमानपत्रांचा मथळा जवळजवळ ठरून गेला आहे, तो म्हणजे ‘कुपोषणाचे बळी’. आरोग्य विभागाचे उत्तरही तितकेच ठरलेले दिसते: मृत्यू न्यूमोनियाने झाला, कमी वजनामुळे झाला, जन्मतः श्वास गुदमरल्याने झाला, कुपोषणाने एकही झालेला नाही. एकाच मुलाच्या मृत्यूला दोन कारणे सांगितली जातात आणि दोन्ही बाजू आपापल्या कागदांवर ठाम असतात.

यातील खरे काय मानायचे? शिवाय, हे मृत्यू पावसाळ्यातच का वाढतात आणि राज्यात दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण इतके वाढूनही ते थांबत का नाहीत, हेही मला नीट उलगडलेले नाही. या भागात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहिल्यास आभारी राहीन.

मोहाचे झाड

मेळघाटातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी बरीच वर्षे गेली, आता निवृत्त आहे. मूल कशाने दगावले हे विचारण्याआधी ते किती दिवसांचे होते हे विचारण्याची सवय लावून घ्या, म्हणजे आपला अर्धा गोंधळ तिथेच सुटेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा पाच वर्षांखालील मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ४१.९ आला, एक वर्षाखालील ३५.२ आणि पहिल्या २८ दिवसांतील २४.९. म्हणजे पाच वर्षांत दगावणाऱ्या मुलांपैकी साधारण ६० टक्के मुले पहिला महिनाही पूर्ण करत नाहीत आणि त्या महिन्यातलेही बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. वर्तमानपत्रातले छायाचित्र मात्र नेहमी दीड-दोन वर्षांच्या, हाडे दिसणाऱ्या, डोळे खोल गेलेल्या मुलाचे असते. ते मूल खरेच असते, त्याची अवस्थाही खरी असते. पण त्या गावातून त्या वर्षी गेलेली बहुतेक मुले छायाचित्र काढण्याइतकी जगलेलीच नसतात.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. अंगणवाडीतून मुलासाठी मिळणारा पूरक आहार सहा महिन्यांनंतर सुरू होतो. पाचव्या दिवशी जाणाऱ्या बाळापर्यंत तो पोचणे शक्यच नाही. त्या बाळाचे कुपोषण झालेले असते ते आईच्या पोटात, म्हणजे आईच्या कुपोषणातून. आदिवासी भागांत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आली, तिच्यामागचा विचार म्हणूनच मला योग्य वाटतो. ती राबवताना डाळीचे पाणी कुठे कुठे किती पातळ होत गेले, हा विषय वेगळा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी एक प्रसंग सांगतो. ऑगस्टमधल्या एका दुपारी अकरा दिवसांची मुलगी केंद्रात आली. आईचे वय एकोणीस, हे तिचे दुसरे बाळंतपण. जन्मवजन नोंदवहीत १,९०० ग्रॅम. सोयाबीनची निंदणी सुरू असल्याने आई सहाव्या-सातव्या दिवशी शेतावर जाऊ लागली होती आणि बाळ थोरल्या, चार वर्षांच्या बहिणीजवळ झोळीत असे. दोन दिवसांपासून बाळ स्तन ओढत नव्हते. पहिला दिवस वाट पाहण्यात गेला, दुसऱ्या दिवशी भुमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैद्याकडे नेले, तिसऱ्या दिवशी निघाले तर नाल्याला पूर. मी बाळाच्या तळपायाला हात लावला तेव्हा पाय दगडासारखे गार होते, पोट फुगलेले होते आणि रडणे म्हणजे केवळ ओठांची हालचाल होती. जंतुनाशकाचे इंजेक्शन दिले, आईच्या छातीशी बांधले, गाडी बोलावली. परतवाड्याचा घाट उतरेपर्यंत मूल राहिले नाही.

मृत्यूच्या अहवालात कारण म्हणून मी ‘जंतुसंसर्ग’ असे लिहिले. ते खोटे नव्हते. पण तीच मुलगी २,८०० ग्रॅमची असती, तर तोच संसर्ग तिने कदाचित पेलला असता. आई घरी असती, तर दूध तुटल्याचे त्याच दिवशी कळले असते. नाल्यावर पूल असता, तर निदान एक दिवस हातात राहिला असता. जगभरच्या अभ्यासांतून असे मानले जाते की पाच वर्षांखालील सुमारे ४५ टक्के बालमृत्यूंच्या मुळाशी कुपोषणाचा कोणता ना कोणता प्रकार असतो, आणि तरीही मृत्यूच्या दाखल्यावर ‘कुपोषण’ हा शब्द क्वचितच येतो, कारण दाखल्यावर बहुधा शेवटचा घावच लिहिला जातो. वार्ताहर सर्वांत आधीचे कारण लिहितो, डॉक्टर सर्वांत शेवटचे. मधल्या पाच-सहा कड्या लिहिण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. तुम्ही क्षेत्रकार्यात त्या लिहाव्यात असे मला वाटते. घरच्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने विचारून कारण शोधण्याची मौखिक शवचिकित्सेची पद्धत यासाठीच आहे.

आणखी एक बारीक मुद्दा. तीव्र कुपोषित मुलाला मृत्यूचा धोका सर्वांत जास्त असतो हे खरे; परंतु थोडे किंवा मध्यम कुपोषण असलेली मुले संख्येने कितीतरी अधिक असल्यामुळे, कुपोषणाशी जोडलेल्या एकूण मृत्यूंत त्यांचाही वाटा मोठा असतो. फक्त ‘तीव्र’ गटाची यादी घेऊन फिरणाऱ्या पथकांच्या हातून ही मुले नेमकी सुटतात.

परतवाडा फाटा

डॉक्टरसाहेबांचा मान राखून एक स्पष्ट बोलतो. आपण पूल, नाला आणि आहार योजना यांवर सगळा भार टाकलात, पण लोक आधी भुमकाकडे जातात आणि बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, ज्याला तिकडे डंबा म्हणतात, याबद्दल कोणी बोलत नाही. दवाखाना मोफत, गाडी मोफत, तरीही लोक येत नसतील तर दोष कोणाचा? अंधश्रद्धा गेल्याशिवाय हे मृत्यू कमी होणार नाहीत असे माझे मत आहे.

झोळीकाटा

मी आशांची, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांची गटप्रवर्तक आहे. माझ्याकडे वीसेक आशा आहेत आणि महिन्यातले बरेच दिवस मी ढाण्या-ढाण्यांवर (वस्त्यांवर) असते. परतवाडा फाटा यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चटक्यांचे व्रण असलेली बाळे मी स्वतः उचलून घेतली आहेत आणि ते दृश्य विसरता येत नाही. परंतु चटके कशासाठी दिले जातात हे त्यांनी लिहिलेले नाही. बाळाचे पोट फुगले, ते गप्प पडले, पिईनासे झाले की घरच्या म्हाताऱ्या ‘फोपसा’ झाला असे म्हणतात आणि डंबा देतात. आता आमच्या प्रशिक्षणाचे पुस्तक उघडा: नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे म्हणून तिथे जे दिले आहे ते जवळपास हेच आहे. म्हणजे आजीने धोका ओळखलेला असतो, पुष्कळदा आमच्या आशाच्या एक दिवस आधी ओळखलेला असतो. चूक होते ती उपायात. ज्या घरात मी ‘तुम्ही अडाणी आहात’ असे सांगितले, तिथले दार मला पुन्हा उघडले नाही. ज्या घरात ‘आजी, फोपसा वाटला की विळा तापवण्याआधी आशाला हाक मारा’ असे सांगितले, तिथून मला रात्री फोन आलेले आहेत. भुमकांनाही बैठकांना बोलावून रुग्ण पाठवण्यास सांगण्याचे प्रयत्न इथे झाले आहेत. काही पाठवतात, काही पाठवत नाहीत. काही भुमकांच्या नातवंडांना आम्हीच लस टोचली आहे.

दवाखान्यातील प्रसूतींचा प्रश्न सिपनाकाठ यांनी विचारला, त्याबद्दल माझा अनुभव असा. प्रसूती दवाखान्यात झाल्याने बाळ गुदमरण्याचा आणि आईच्या रक्तस्रावाचा धोका नक्कीच घटतो. पण आई आणि बाळाने दोन दिवस राहायचे असते, तिथे बाई दुसऱ्याच दिवशी सकाळी चप्पल घालून तयार असते, कारण घरी बकऱ्या आहेत आणि थोरल्या पोरांना जेवू घालायला कोणी नाही. प्रसूतीच्या आधी येऊन राहता यावे म्हणून आदिवासी भागातील केंद्रांना जोडून माहेरघरे आहेत. तिथेही अडचण हीच येते. जंतुसंसर्ग तर बाळ घरी गेल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढे डोके वर काढतो. म्हणजे दवाखान्याचा दाखला हातात असतो आणि बाळ मरते ते घरात.

म्हणूनच २०११ पासून आशांच्या घरभेटी ठरवून दिलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, आणि प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्तीची. प्रत्येक भेटीत वजन, तापमान, अंगावर पिणे, नाळ आणि श्वास पाहायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक असेल, तर पुन्हा एकदा मोजायचा आणि दुसऱ्यांदाही तसाच आला तर न थांबता बाळाला दवाखान्यात पाठवायचे. हे लिहायला सोपे आहे. कुडाच्या घरात, चुलीच्या धुरात, झोपलेल्या बाळाचे पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट नजर न हलवता मोजणे ही मेहनतीची गोष्ट आहे, आणि मधेच बाळ हलले की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पन्नास रकान्यांचा तक्ता भरणारी आशा त्याच भेटीत श्वासही मोजेल, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनी एकदा सोबत यावे.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: घरातले धान्य संपलेले असते आणि नवे पीक हाती आलेले नसते, आई निंदणीला असते, विहिरीचे पाणी गढूळ होते, हगवण, न्यूमोनिया आणि हिवताप एकदम येतात, रस्ते तुटतात. हे सगळे त्याच तीन-चार महिन्यांत. एक गोष्ट मात्र बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे कामासाठी खाली सपाटीवर किंवा परजिल्ह्यात जातात. हिवाळ्यात आमच्या नोंदवहीत मृत्यू कमी दिसतात, त्यात काही भाग असा आहे की मुले इथे नसतातच. होळीला माणसे परत येतात, तेव्हा मी यादी हातात घेऊन विचारते आणि एखाद्या घरात उत्तर मिळते, ‘ते तिकडेच गेले.’

दशांशचिन्ह

माझे क्षेत्र लोकसंख्याशास्त्र आहे, मेळघाटात मी फक्त दोनदा आलो आहे; त्यामुळे ताईंच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते आकडेवारीच्या दृष्टीने या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंद घटना घडते त्या ठिकाणी होते. धारणीचे बाळ अमरावतीच्या रुग्णालयात गेले तर तो मृत्यू अमरावती शहराच्या नोंदीत जातो. बऱ्हाणपूरला किंवा खंडव्याला गेले तर थेट मध्य प्रदेशात. आरोग्य विभागाची स्वतःची यादी राहत्या गावानुसार असते, पण ती पूर्ण राहावी यासाठी कोणाला तरी घरी परत जाऊन विचारावे लागते. ताई विचारतात, सर्वत्र विचारले जातेच असे नाही.

दुसरी गळती जन्माच्या क्षणी होते. एक-दोन श्वास घेऊन गेलेले बाळ ‘मृत जन्मले’ असे लिहिले, की ते जन्मातही मोजले जात नाही आणि बालमृत्यूतही नाही. ज्या केंद्राच्या नोंदीत मृतजन्म बरेच आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू जवळजवळ शून्य, त्या नोंदवहीकडे मी संशयाने पाहतो. तसेच जन्मवजनाच्या रकान्यात नेमके २,५०० ग्रॅम किती वेळा आले आहे हे मोजून पाहावे. काट्यावर नेमका तोच आकडा इतक्या वेळा येत नसतो; २,५०० ग्रॅमखालचे बाळ ‘कमी वजनाचे’ असे लिहिले की पुढचे काम वाढते, म्हणून २,४०० चे २,५०० होतात.

तिसरी गोष्ट बातम्यांविषयी. ‘गेल्या वर्षीपेक्षा बालमृत्यू २० ने वाढले’ अशा मथळ्यावर एकदम विश्वास ठेवू नये आणि ‘२० ने घटले’ या प्रसिद्धिपत्रकावरही ठेवू नये. समजा, एखाद्या तालुक्यात वर्षाला ४,००० जन्म होतात आणि खरा मृत्युदर हजारी ४० आहे. तर सरासरी १६० मृत्यू अपेक्षित धरले तरी निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी १३५ आणि एखाद्या वर्षी १८५ होऊ शकतात. ४०० जन्मांच्या एका आरोग्य केंद्रात तोच आकडा ८ पासून २४ पर्यंत हेलकावे खाईल. एका वर्षाच्या आकड्यावरून अधिकाऱ्याला निलंबित करणे किंवा हार घालणे, दोन्ही मला सारखेच वाटते. त्यातून होते एवढेच, की पुढच्या वर्षी मृतजन्म वाढतात.

मोजणीला मी इतके महत्त्व देतो त्यामागे गडचिरोलीचा अनुभव आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे १९८८ च्या सुमारास गावोगाव घरोघरी मोजले, तेव्हा अर्भक (एक वर्षाखालील) मृत्युदर हजारी १२१ निघाला. पुढे १९९५-९६ मध्ये त्यांनी जन्मापासून २८ दिवस बाळांवर घरीच नजर ठेवली, तेव्हा ४२ टक्के बाळे अडीच किलोंखालची आढळली; निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती आणि शंभरातील तीन बाळांनाही ते मिळाले नव्हते. यावरून त्यांनी गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, आणि संसर्ग ओळखून गरज पडल्यास जंतुनाशकाचे इंजेक्शन देणे, हे सारे घरात. हे काम झालेल्या ३९ गावांत नवजात (पहिल्या २८ दिवसांतील) मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या घरात आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि ताईंनी सांगितलेल्या घरभेटी त्यातूनच पुढे देशभर आल्या. मात्र येताना त्यातले इंजेक्शन आशाच्या पिशवीतून वगळले गेले. त्यावर आजही मतभेद आहेत.

सिपनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, इंजेक्शन वगळण्याचा निर्णय आपल्याला योग्य वाटतो का? आणि ताई, मी दोन महिन्यांत नेमके काय पाहावे?

मोहाचे झाड

सरळ उत्तर द्यायचे तर मला तो निर्णय सावध वाटतो, पण मेळघाटासारख्या ठिकाणी तो महाग पडतो. त्या इंजेक्शनातल्या जेंटामायसिन या जंतुनाशकाची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, चुकल्यास मूत्रपिंडावर आणि कानावर परिणाम होऊ शकतो, आणि देखरेख नसेल तर कोणाच्याही हाती सुई देऊ नये हा आक्षेप मी समजू शकतो. गडचिरोलीत देखरेख काटेकोर होती. २०१४ मध्ये केंद्र शासनाने मधला मार्ग काढला: बाळाला रुग्णालयात नेणे शक्यच नसेल, तर उपकेंद्रातील परिचारिकेने जेंटामायसिन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन सुरू करावे. मी तसे करवून घेतले आहे. अडचण एवढीच की नाल्याला पूर असतो तेव्हा परिचारिका बहुधा नाल्याच्या अलीकडे असते आणि आशा पलीकडे.

आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याच्या कांगारू पद्धतीला मात्र ना सुई लागते ना परवानगी. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात ती जन्मानंतर लगेच सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पाहणीत ती किती घरांत चालू आहे तेवढे जरूर विचारा. वडीलही बाळाला असे धरू शकतात. मी सांगितल्यावर सासवा हसायच्या, एक-दोघांनी धरले.

झोळीकाटा

भाऊ, एखाद्या आशासोबत सातव्या दिवसाच्या भेटीला जा आणि काही न विचारता बसा. बाळ कुठे ठेवले आहे, जमिनीवर की खाटेवर. आई घरी आहे की शेतावर. झोळीचा काटा लावण्याआधी शून्यावर आणला का. श्वास मोजताना घड्याळ चालू आहे का. मग नोंदवही मागा आणि जन्मवजन कोणत्या दिवशी घेतले आहे ते बघा. पुष्कळ ठिकाणी ते तिसऱ्या दिवशीचे असते. आणि मृत्यू झालेल्या घरी जाणार असाल, तर पहिल्या पंधरा दिवसांत जाऊ नका, कागद हातात धरून जाऊ नका, आणि बाळाचे नाव ठेवले होते का ते आईला विचारा. नोंदवहीत तिथे आईच्या नावापुढे ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ एवढेच लिहिलेले असते.